मदत किती लागली, तेही लिहा
वाचकांचे प्रश्न : विशेष शिक्षण

विशेष गरजा असणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींसाठी पाठाचे नियोजन कसे करावे आणि त्यांचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी पुणे आणि परिसरातून आलेली काही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून कोणाही मुलाची किंवा शाळेची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी हडपसर भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवते. वर्ग साठाच्या वर आहे. त्यात सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेला एक मुलगा आहे. तो सावकाश वाचतो, पण वाक्य लांबले की त्याला अर्थ लागत नाही. विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा शाळेत येतात. माझ्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनात, मी त्याच्यासाठी वेगळे काय लिहावे? प्रत्येक पाठाची दोन टाचणे काढणे मला शक्य होत नाही.

उत्तर : दोन टाचणे काढू नयेत. आहे त्याच टाचणात, उद्दिष्टांच्या शेजारी, या मुलासाठी एक रकाना वाढवावा. वर्षभर निभेल अशी सोय तीच आहे. त्या रकान्यात काय लिहायचे हे ठरवताना मात्र पाठ्यपुस्तकाआधी मुलाचा विचार करावा लागतो. तो आज चौदा-पंधरा वर्षांचा असेल. आणखी चार वर्षांनी, तो शाळेबाहेर वावरत असताना, या घटकातले नेमके काय त्याच्या हाताशी असायला हवे, असे प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला स्वतःला विचारावे आणि जे उत्तर येईल तेच त्याचे उद्दिष्ट म्हणून लिहावे.

नववीच्या विज्ञानातला उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीवांचा घटक उदाहरणासाठी घेऊ. वर्गासाठी आपण लॅक्टोबॅसिलाय, किण्वन, यीस्ट, प्रतिजैविके अशी उद्दिष्टे लिहिली असतील. या मुलाच्या रकान्यात तीनच गोष्टी लिहाव्यात : कोमट दुधाला विरजण लावता येणे, दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून ते दूध वापरावे की नाही हे सांगता येणे, आणि समोरच्या चार पदार्थांपैकी खराब झालेला पदार्थ ओळखून तो बाजूला काढता येणे. तिन्ही गोष्टी याच घटकातल्या आहेत, तिन्ही त्याला जन्मभर लागणाऱ्या आहेत, आणि त्या शिकवण्यासाठी त्याला वर्गाबाहेर काढावे लागत नाही.

तास असा घेता येईल. टेबलावर तीन भांडी ठेवावीत. एकात कोमट दूध आणि विरजण, दुसऱ्यात नुसते कोमट दूध, तिसऱ्यात उकळते दूध आणि विरजण. भांड्याला बाहेरून हात लावून दूध कोमट आहे की नाही हे सांगण्याचे आणि विरजण घालून ढवळण्याचे काम या मुलाला द्यावे. उकळत्या दुधाचे भांडे मात्र शिक्षिकेने स्वतः हाताळावे. दुसऱ्या दिवशी कोणत्या भांड्यात दही लागले हे त्यानेच वर्गाला दाखवावे. तिसऱ्या भांड्यात दही का लागले नाही, या प्रश्नाचे उत्तर इतर मुलांनी द्यावे : लॅक्टोबॅसिलाय जिवाणू दुधातल्या शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, ते उकळत्या दुधात तग धरत नाहीत. त्याच्याकडून ‘दूध फार गरम असले तर दही लागत नाही’ एवढे आले की पुरे. प्रयोग सगळ्यांनी एकत्र केला आणि अपेक्षा प्रत्येकाकडून वेगळी ठेवली, असा हा तास आहे. माझ्या मते मोठ्या वर्गातील समावेशन, म्हणजे दिव्यांग मुलाला इतरांबरोबरच शिकवणे, बव्हंशी याच मार्गाने साधते.

वाचनासाठी त्या पाठाचे एक पान त्याच्याकरिता सहा-सात लहान वाक्यांत, ठळक आणि मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. नवे शब्द पाचाहून अधिक नकोत. येथे सूक्ष्मजीव, विरजण, आंबणे, खराब आणि तारीख हे शब्द पुरतील. हे पान तयार करून देण्याचे काम आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षकांना आग्रहाने सांगावे. त्यांचा तो एक दिवस मुलाला कोपऱ्यात बसवून वेगळे काहीतरी गिरवून घेण्यात खर्ची पडतो, असे अनेक शाळांत दिसते. तोच वेळ पुढच्या आठवड्याच्या दोन-तीन पाठांची साधने आपल्यासोबत बसून तयार करण्यात गेला, तर उरलेले पाच दिवस मुलाच्या हाताला काम राहते.

घटक चाचणीत त्याला त्याच वेळी, त्याच बाकावर, पण त्याची स्वतःची प्रश्नपत्रिका द्यावी. पिशवीचे चित्र, त्यावर तारीख, आणि खाली प्रश्न : ‘आज १२ तारीख आहे. हे दूध वापराल का?’ लिहिणे जमत नसेल तेथे तोंडी उत्तर घ्यावे आणि ते तोंडी घेतले असल्याची नोंद करावी. पहिली ते आठवीसाठी आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प ही आकारिक, म्हणजे शिकवतानाच होत राहणाऱ्या, मूल्यमापनाची साधने शिक्षकांच्या अंगवळणी पडली. नववीत दहावीच्या धास्तीने ती मागे पडतात. या मुलाच्या बाबतीत ती मागे पडू देऊ नयेत, कारण त्याला काय येते हे दाखवून देण्याची संधी लेखी परीक्षेपेक्षा या साधनांतून त्याला अधिक मिळते.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून स्वमग्न आहे. आम्ही कोथरूडला राहतो, तो विशेष शाळेत जातो. त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘पैशांचे व्यवहार : समाधानकारक’ असा शेरा वर्षानुवर्षे येतो. वहीत तो बेरीज-वजाबाकी बिनचूक करतो. पण दुकानात नोट देतो, वस्तू घेतो आणि सुटे पैसे न घेताच चालू लागतो. मी शाळेकडे नेमके काय मागावे?

उत्तर : आपण जे वर्णन केले आहे ते शाळेच्या शेऱ्यापेक्षा कितीतरी नेमके आहे, आणि पुढचे सगळे नियोजन त्या वर्णनावरच उभे करता येईल. ‘समाधानकारक’ या शब्दावरून मुलाला काय येते आणि उद्या काय शिकवायचे हे कळत नाही. ज्या नोंदीवरून पुढचा पाठ ठरवता येत नाही, ती नोंद मूल्यमापन म्हणून अपुरी समजावी.

शाळेकडे सर्वप्रथम मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्याच्यापुरती उद्दिष्टे लिहिलेला कागद, पाहायला मागावा आणि त्याची प्रतही मागावी. संकोच करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळांनी प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि त्याची प्रगती यांवर लक्ष ठेवणे अपेक्षित आहे, तेव्हा ही माहिती मागणे हा पालकांचा हट्ट ठरत नाही.

यानंतर शिक्षकांबरोबर बसून दुकानातल्या व्यवहाराचे टप्पे पाडावेत : वस्तू मागणे, किंमत ऐकणे, पुरेशी नोट देणे, थांबणे, सुटे पैसे घेणे, ते पाकिटात ठेवणे, निघणे. आपण लिहिल्यावरून मुलगा ‘थांबणे’ या टप्प्यावर अडतो आहे. वस्तू हाती आली की त्याच्या दृष्टीने काम संपते. स्वमग्न मुलांत असे वारंवार दिसते आणि त्याचा गणिताशी संबंध नसतो, म्हणून वजाबाकीचे आणखी स्वाध्याय देऊन येथे काही साधणार नाही. त्याला व्यवहाराचा शेवट कुठे आहे हे डोळ्यांना दिसेल अशा रीतीने शिकवावे लागेल. त्याच्या पाकिटात एक कार्ड ठेवावे आणि त्यावर ओळीने तीन चित्रे काढावीत : वस्तू, नोट, सुटे पैसे. तिसऱ्या चित्रावर बोट ठेवून झाल्याशिवाय दुकानातून पाय निघायचा नाही, हा नियम शाळेत आणि घरी अगदी सारखा पाळला जावा. ओळखीच्या दुकानदारालाही आधी सांगून ठेवावे की त्याने हात पुढे करेपर्यंत सुटे पैसे देऊ नयेत आणि त्याच्या वतीने आपल्या हातातही देऊ नयेत.

आता उद्दिष्ट लिहावे, आणि ते असे लिहावे की दोन वेगवेगळ्या माणसांनी मुलाला पाहिले तर दोघांचेही उत्तर एकच यावे. ‘पैशांचे व्यवहार सुधारतील’ हे वाक्य त्या कसोटीला उतरत नाही. ‘ओळखीच्या किराणा दुकानात शंभर रुपयांच्या आतील एक वस्तू घेऊन, पाकिटातले कार्ड पाहून, सुटे पैसे हातात येईपर्यंत थांबेल, पाचपैकी चार वेळा, कोणीही न सांगता’ हे वाक्य उतरते. त्यात जागा आहे, साधन आहे, कृती आहे, किती वेळा जमले म्हणजे आले म्हणायचे ते आहे, आणि मदत किती चालेल तेही आहे.

मदतीची नोंद हा या सगळ्याचा कणा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. प्रत्येक खेपेला ‘जमले’ किंवा ‘जमले नाही’ एवढेच लिहिले तर मूल महिनोन्महिने ‘जमले नाही’ याच खान्यात अडकून राहते आणि त्याची खरी वाटचाल कोणालाच दिसत नाही. त्याऐवजी त्या दिवशी कोणती मदत लागली ते लिहावे : हाताला धरून थांबवावे लागले, तोंडी सांगावे लागले, नुसती खूण पुरली, की स्वतःहून थांबला. समजा, पहिल्या शनिवारी हात धरावा लागला, पुढच्या दोन्ही शनिवारी ‘थांब’ म्हणावे लागले, आणि चौथ्या शनिवारी कार्डाकडे बोट दाखवताच तो थांबला. जुन्या पद्धतीच्या प्रगतिपुस्तकात हा मुलगा चारही वेळा नापास ठरला असता. प्रत्यक्षात त्याने महिनाभरात मोठी मजल मारलेली आहे, आणि पुढच्या आठवड्यात बोट न दाखवता दोन पावले मागे उभे राहून पाहायचे, हेही त्या नोंदीवरूनच ठरते.

एक सावधगिरी बाळगावी. तोंडी सूचना देणे सोपे असते, पण ती काढून घेणे फार कठीण जाते. अनेक स्वमग्न मुले कृती शिकतात आणि तिच्याबरोबर ‘कोणीतरी सांगेपर्यंत थांबायचे’ हेही शिकतात. म्हणून शक्य तेथे शब्दाऐवजी चित्र किंवा खूण वापरावी आणि मदत केव्हा कमी करायची हे आराखड्यात आधीच लिहून ठेवावे.

शाळेतल्या लुटुपुटुच्या दुकानात प्लॅस्टिकची नाणी मोजता आली म्हणून हे कौशल्य आले असे मानू नये. किराणा दुकान, दूध केंद्र आणि मंडईतला भाजीवाला अशा किमान तीन ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर ते दिसले पाहिजे. हल्ली बहुतेक व्यवहार मोबाइलवरून होतात, मग रोखीचे कशाला शिकवायचे, असेही पालक विचारतात. या मुलाच्या बाबतीत आधी रोखीचेच शिकवावे असे मी म्हणेन, कारण चूक झालीच तर ती खिशातल्या नोटेपुरती राहते. मोबाइलमध्ये मात्र पिन कोणालाही सांगायचा नाही, हे आधी पक्के व्हावे लागते आणि तो स्वतंत्र, मोठा पाठ आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत एका विद्यार्थिनीला सोपी प्रश्नपत्रिका दिली, तेव्हा इतर पालकांनी हा आमच्या मुलांवर अन्याय आहे अशी तक्रार केली. मुख्याध्यापक या नात्याने मी त्यांना काय सांगावे? (सिंहगड रस्ता)

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात. जादा वेळ, लेखनिक किंवा मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका ही सवलत आहे. तीत आशय तोच राहतो, उत्तर देण्याची रीत बदलते आणि गुणांची इतरांशी तुलना करता येते. आशयच कमी केला किंवा बदलला असेल तर तो अभ्यासक्रमातील बदल होय, आणि त्या गुणांची तुलना कोणाशीही करता येत नाही. २०१६ च्या कायद्यातील कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी योग्य ते बदल करण्याचे बंधन स्पष्ट आहे, तेव्हा शाळेने काही जगावेगळे केलेले नाही. मात्र प्रगतिपुस्तकात ‘बदललेल्या अभ्यासक्रमानुसार’ असे स्वच्छ लिहावे आणि गुणांच्या जोडीला वर्णनात्मक नोंद द्यावी.

आपण न विचारलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सर्व विषयांत काठावरचे गुण देऊन मुलीला वरच्या वर्गात ढकलणे हा मला कोणत्याही सोप्या प्रश्नपत्रिकेपेक्षा मोठा अन्याय वाटतो. अशी मुलगी दहावीत पोहोचते तेव्हा तिला काय येते हे शिक्षकांनाही माहीत नसते आणि तिच्या आईवडिलांनाही.

प्रश्न : मी भोसरीजवळच्या एका विशेष शाळेत शिकवते. माझ्या गटातील मुलेमुली सोळा-सतरा वर्षांची असून त्यांना मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व आहे. मणी ओवणे, रंग ओळखणे, अंक गिरवणे हेच वर्षानुवर्षे चालू आहे. पालक मात्र ‘लिहायला शिकवा’ असे म्हणतात. मूल्यमापनासाठी कोणती सूची वापरावी आणि नियोजन कसे बदलावे?

उत्तर : सूचींविषयी थोडक्यात लिहितो. मुलाला काय येते ते एकेक करून तपासण्यासाठी आपल्याकडे विशेष शाळांत प्रामुख्याने दोन सूची वापरल्या जातात. मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिममध्ये अठरा क्षेत्रे आणि प्रत्येकात वीस अशी ३६० विधाने आहेत. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी (फंक्शनल असेसमेंट चेकलिस्ट फॉर प्रोग्रॅमिंग) ही सूची पूर्वप्राथमिकपासून पूर्वव्यावसायिकपर्यंत गट पाडते, त्या गटातील ऐंशी टक्के बाबी साध्य झाल्या की विद्यार्थ्याला पुढच्या गटात नेते, आणि तीत खूण, तोंडी मदत, शारीरिक मदत अशा नोंदींची सोय आहे. आपल्या गटासाठी मी एफएसीपीचा पूर्वव्यावसायिक भाग घेईन. दोन्ही सूची एकाच वेळी भरत बसू नये. शिकवण्याचा वेळ कागदांत जातो.

खरी अडचण वेगळीच आहे. ‘याचे मानसिक वय पाच वर्षांचे आहे’ असे एकदा कुठेतरी लिहिले गेले की सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात बालवाडीचे साहित्य येते, आणि ते कधी सुटत नाही. त्याच्या ओठांवर मिसरूड फुटलेले आहे, त्याला गाणी ऐकावीशी वाटतात, मित्र हवे आहेत, कोणी लहान बाळासारखे बोलले तर राग येतो. शिकवायचे कौशल्य सोपे असू शकते, पण साहित्य आणि प्रसंग त्याच्या खऱ्या वयाला शोभणारे असलेच पाहिजेत. रंगांची जुळणी करायची असेल तर ती धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावून करावी. दहापर्यंत मोजायचे असेल तर पाकिटात दहा-दहा पणत्या किंवा उदबत्त्या भराव्यात. मणी ओवण्याला माझा विरोध नाही, पण त्या माळा विकल्या जाणार असतील आणि त्याचे पैसे मुलांच्या हाती पडणार असतील तरच.

नियोजनाची सुरुवात अठराव्या वर्षापासून करून मागे यावे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. त्यानंतर शाळा सुटते. मग तो कार्यशाळेत जाणार आहे, घरच्या व्यवसायात हातभार लावणार आहे, की घरीच आपली कामे आपण करून राहणार आहे, यावर पालकांशी आत्ताच बोलावे आणि त्या बोलण्याला मुलालाही बसवावे. त्याला शब्दांत सांगता येत नसेल तर कामे करून पाहू द्यावीत : दोन आठवडे पाकिटे भरणे, दोन आठवडे रोपवाटिकेचे काम, दोन आठवडे स्वयंपाकघरातले काम. प्रत्येक कामात तो न उठता किती वेळ बसला, चूक झाली तर त्याच्या ध्यानात आली का, अडल्यावर मदत मागितली का, आणि दुसऱ्या दिवशी त्या कामाकडे आपणहून गेला का, हे लिहावे. वेग सुरुवातीला मोजू नये. आधी काम नीट होऊ द्यावे. सहा आठवड्यांच्या या नोंदीतून जी माहिती मिळते, ती बुद्ध्यंकाच्या आकड्यातून कधीच मिळत नाही.

पीएमपीएमएलच्या बसने एकट्याने येणे हे उद्दिष्ट या वयात शक्य तितक्या मुलांसाठी घ्यावे. ते शेवटाकडून शिकवलेले बरे. संपूर्ण प्रवासात मोठे माणूस सोबत असावे, आणि प्रथम फक्त शेवटचा टप्पा मुलाचा असावा : आपला थांबा ओळखायचा, उठायचे, उतरायचे आणि शाळेच्या फाटकापर्यंत चालत जायचे. हे पक्के झाले की पास दाखवणे त्याच्याकडे द्यावे, मग बसच्या पाटीवरचा क्रमांक आणि ठिकाण ओळखून चढणे. असे शिकवल्यामुळे मूल दर वेळी प्रवास स्वतःच्या हाताने पूर्ण करते आणि त्याचा उत्साह टिकतो. चुकीच्या बसमध्ये बसल्यास काय करायचे हा पाठ मात्र स्वतंत्रपणे घ्यावा. वाहकाला ओळखपत्र दाखवणे आणि घरी फोन लावणे या दोन गोष्टींचा सराव झाल्याखेरीज कोणालाही एकटे सोडू नये.

पालकांची ‘लिहायला शिकवा’ ही मागणी उडवून लावू नये. स्वतःचे नाव, पत्ता, फोन क्रमांक आणि सही एवढे लेखन, आणि ‘महिला’, ‘पुरुष’, ‘धोका’, ‘बाहेर’ अशा पाट्यांचे वाचन हे त्या मागणीचे उपयुक्त उत्तर आहे.

मुलींच्या बाबतीत मासिक पाळीतील स्वच्छता हे उद्दिष्टही इतर उद्दिष्टांसारखेच टप्पे पाडून आराखड्यात लिहावे. ते शिक्षिकेनेच, आईच्या संमतीने, बंद दाराआड शिकवावे आणि त्याची नोंद सर्वांच्या नजरेस पडेल अशा तक्त्यावर लावू नये. शरीराचे कोणते भाग खासगी आहेत, कोणाला नाही म्हणायचे आणि घडलेले कोणाला सांगायचे, हे मुलांनाही तितक्याच काळजीने शिकवावे.

मूल सतरा वर्षांचे झाले की पालकांना आणखी एक गोष्ट सांगावी. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे, आणि तो अर्ज जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे करावा लागतो. आईवडील असले तरी मूल सज्ञान झाल्यावर ते आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेत अडल्यावरच कळते.

प्रश्न : माझ्या मुलीला अध्ययन अक्षमता आहे. ती आता नववीत आहे. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळेल असे समजले, म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. आणखी काही करायला हवे का? (सहकारनगर)

उत्तर : सवलत मंजूर होणे आणि ती वापरता येणे यांत बरेच अंतर आहे. ते अंतर नववीतच भरून काढावे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास वाढतो. चार तास एका जागी बसून लक्ष टिकवण्याचा सराव नसेल, तर हा तास मुलीला थकवतो आणि शेवटच्या प्रश्नांत चुका होतात. म्हणून येत्या सहामाही परीक्षेपासूनच तिला तेवढा वेळ देऊन पाहावा, आणि वाढलेल्या वेळाचा ती कशासाठी उपयोग करते हे शिक्षकांनी टिपून ठेवावे.

लेखनिकाबरोबर उत्तर सांगणे हे तर वेगळेच कौशल्य आहे. आधी मनात मुद्दे जुळवायचे, मग समोरच्याच्या लिहिण्याच्या गतीने एकेक वाक्य सांगायचे, परिच्छेद कुठे बदलायचा ते सांगायचे, आकृतीतील नावे कोणत्या बाजूला लिहायची ते सांगायचे, आणि शेवटी सगळे वाचून घ्यायचे. घरी ज्या मुलीला उत्तर तोंडपाठ असते, तीच लेखनिकासमोर अर्ध्या वाक्यात अडते, कारण तिने हे पूर्वी कधी केलेलेच नसते. प्रत्येक घटक चाचणी लेखनिकाबरोबर घ्यावी असे शाळेला सुचवावे. लेखनिक कोण असू शकतो याचे मंडळाचे नियम शाळेकडून समजून घ्यावेत आणि त्यात बसणारी व्यक्ती आत्ताच शोधून ठेवावी. वर्गातही तिचे मूल्यमापन होताना शुद्धलेखनाचे गुण आणि आशयाचे गुण वेगळे दिले जावेत, म्हणजे इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत तिचे इतिहासाचे ज्ञान मोजले जाईल.

भाषा वगळणे किंवा गणिताऐवजी खालच्या स्तराचे अंकगणित घेणे, असे पर्यायही काही पालक घाईने निवडतात. ते निवडण्यापूर्वी मुलीला पुढे काय शिकायचे आहे हे तिलाच विचारावे, कारण गणित सोडले तर अकरावीला विज्ञान शाखेची वाट अवघड होते. दहावी एका बैठकीत झेपणार नाही असे वाटल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. तिचे विभागीय केंद्र पुण्यात आहे, आणि तेथे पाच वर्षांत नऊ संधींमध्ये विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचे काम मात्र आजच हाती घ्यावे. शासकीय रुग्णालयातील तपासणीच्या तारखा लांबच्या मिळतात, तपासणी एकाच दिवसात उरकत नाही, आणि सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे मुदतीत जावा लागतो. नववीच्या सहामाहीपूर्वी प्रमाणपत्र हाती असेल, तर मुख्याध्यापकांना दहावीचे आवेदनपत्र भरतानाच सर्व सवलती नोंदवता येतील. ते भरताना आपण स्वतः शाळेत जाऊन प्रत्येक सवलतीची नोंद झाली आहे हे पाहून घ्यावे.